उद्याचं रोम आणि आजचा कोयता

विज्ञानपटांवर आपल्या अंकात लेख हवा, असं मी सुचवलं तेव्हा दोन-तीन मैत्रिणींनी नाकं मुरडली. पोटगीचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत, घर बाईच्या नावावर चढत नाही, आणि आपण यानं नि लेझरच्या तलवारींवर पानं खर्च करायची का? आक्षेप रास्त आहे. तरीही लिहिते आहे, कारण उद्याचा समाज कसा असेल याचं चित्र आपल्या मुलींपुढे आज कोण रंगवतं, हा प्रश्न पोटगीइतकाच आपला आहे. वालचंदनगर परिसरात किशोरींच्या गटांबरोबर काम करताना मी पाहते, की ज्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही त्या घरातही मोबाइल आहे आणि त्यावर परदेशी चित्रपट आहेत. आपली पथनाट्यं आणि शिबिरं जिथे पोचत नाहीत, तिथे हे चित्रपट कधीच पोचले आहेत.

आणि त्यांतला ‘उद्या’ नीट पाहिला, तर तो फार वेळा दोन हजार वर्षांपूर्वीचा निघतो. तो रोमचा निघतो. यानं प्रकाशाच्या वेगाने धावतात, पण राज्य सम्राटाचं, करमणूक रिंगणातल्या मरणाची आणि कष्ट गुलामांचे. माझं भांडण या कल्पनेशी नाही. यंत्र बदललं म्हणून दास्य आपोआप जात नाही, हे तर आपणही म्हणतो. माझं भांडण त्यापुढच्या शिकवणीशी आहे. गुलामी ही एका दुष्ट सम्राटाची करणी असते आणि निवडलेला एक वीर आला की ती संपते, असं हे चित्रपट सांगतात. ही शिकवण खोटी आहे, आणि बाईच्या बाबतीत तर दुप्पट खोटी आहे.

रोमच का?

थोडी उजळणी करू. जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली आला. त्याच्या जगात आधी प्रजासत्ताक आहे, सिनेट आहे, मग साम्राज्य येतं. २००५ सालच्या भागात तर सिनेटच टाळ्यांच्या गजरात एका माणसाला सम्राट करून टाकते. रोमच्या प्रजासत्ताकाचा शेवट ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९९९ सालच्या भागातली यांत्रिक रथांची शर्यत ‘बेन हर’ या १९५९ सालच्या चित्रपटातल्या रथशर्यतीवर बेतलेली आहे. २००२ सालच्या भागात नायक-नायिकेला भरल्या रिंगणात श्वापदांपुढे उभं केलं जातं. ‘स्टार ट्रेक’मधल्या शत्रूंचं नावच रोम्युलन आहे. १९८७ सालच्या ‘द रनिंग मॅन’मध्ये कैद्यांना दूरदर्शनच्या खेळात मारलं जातं. २०१२ सालच्या ‘द हंगर गेम्स’मधल्या देशाचं नाव पानेम, म्हणजे लॅटिनमध्ये भाकर. लोकांना भाकर आणि खेळ मिळाले की पुरे, अशी टीका जुव्हेनल या रोमन कवीने केली होती, त्यावरून ते नाव घेतलं आहे. आणि फ्रान्सिस फोर्ड कोप्पोला यांनी २०२४ साली ‘मेगालोपोलिस’मध्ये न्यूयॉर्कलाच ‘न्यू रोम’ करून टाकलं.

कारण उघड आहे. रोम पडद्यावर दिसतो छान. संगमरवर, झेंडे, ओळीने चालणारं सैन्य. शिवाय प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी एका तिकिटात मिळतात. रिंगणातल्या हिंसेचा निषेधही करता येतो आणि ती दोन तास डोळे भरून पाहताही येते.

पण खऱ्या रोममध्ये गुलामी ही सम्राटाची लहर नव्हती. सम्राट यायच्या कितीतरी आधी, प्रजासत्ताकाच्या काळातच, शेतं आणि खाणी गुलामांच्या कष्टांवर चालत होत्या. स्पार्टाकसचं बंड इसवीसनपूर्व ७३ ते ७१ मधलं. ते मोडल्यावर सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने वधस्तंभावर चढवलं, तेव्हाही रोममध्ये प्रजासत्ताकच होतं. सरकारी धान्य मिळायचं ते नागरिकांना. ऑगस्टसच्या काळात त्या यादीत सुमारे दोन लाख नावं होती, आणि ती यादी पुरुषांची होती. दासीला मूल झालं की ते गुलाम, मग बाप कोणीही असो. कोलुमेला या शेतीवर लिहिणाऱ्या लेखकाने मालकांसाठी नोंदवून ठेवलं आहे, की तीन मुलगे देणाऱ्या दासीला आपण कामातून सूट दिली आणि त्याहून अधिक देणारीला मुक्त केलं. म्हणजे मुक्तीची किंमत गर्भाशयातून वसूल करून मगच मुक्ती. हे रोम मला कुठल्याही विज्ञानपटात सापडलेलं नाही.

फासा कुणाच्या बाजूने पडतो

१९९९ सालच्या ‘द फँटम मेनेस’मध्ये एक प्रसंग आहे. एका वाळवंटी ग्रहावर श्मी नावाची बाई आणि तिचा मुलगा अनाकिन गुलाम आहेत. पळून गेलं तर स्फोट होईल असं यंत्र गुलामांच्या शरीरात बसवलेलं आहे. एक थोर योद्धा तिथे येतो. तो मालकाशी पैज लावतो. मालक म्हणतो, दोघांना नाही, एकालाच पणाला लावतो. फासा निळा पडला तर मुलगा, लाल पडला तर आई. फासा फिरतो आणि योद्धा आपल्या दैवी शक्तीने तो निळ्यावर वळवतो. मुलगा शर्यत जिंकतो, मुक्त होतो, यानात बसून जातो. आई दारात उभी राहते, गुलाम म्हणूनच.

चित्रपट हा प्रसंग त्यागाचा म्हणून दाखवतो. आमच्या गटात यावर बोलणं झालं तेव्हा तोडणीवाल्या कुटुंबातली एक मुलगी म्हणाली, “ताई, फासा त्याच्याच हातात होता ना? मग दोनदा का नाही टाकला?” हा प्रश्न चित्रपटात एकही पात्र विचारत नाही. ते योद्धे प्रजासत्ताकाचे रक्षक आहेत. त्यांच्याकडे यानं आहेत, सिनेटमध्ये वजन आहे. तरी दहा वर्षांत कोणी श्मीला सोडवायला परत जात नाही. शेवटी एक शेतकरी तिला विकत घेऊन, मुक्त करून तिच्याशी लग्न करतो, आणि २००२ सालच्या भागात ती मुलाच्या मांडीवर मरते. तिच्या मरणाचा उपयोग एवढाच, की मुलगा सूडाने पेटावा आणि कथा पुढे सरकावी. आईचं आयुष्य म्हणजे मुलाच्या गोष्टीला लावलेली काडी.

त्याच मुलाची बायको पद्मे ही आधी राणी आणि मग सिनेटर असते. २००५ सालच्या भागात ती बाळंतपणात मरते. ज्या जगात तुटलेला हात क्षणात यंत्राचा बसवता येतो, तिथे बाळंतीण वाचवता येत नाही. यंत्र-डॉक्टर सांगतो, की शरीराने ती धडधाकट आहे, तिची जगण्याची इच्छाच संपली. हे निदान आपल्या ओळखीचं आहे. मातामृत्यूची चौकशी करायला गेलं की अजूनही कुठे कुठे ऐकू येतं : तिचं नशीब, तिचं मनच लागत नव्हतं. रक्त किती गेलं, गाडी किती वाजता आली, हे कागदावर येत नाही.

आणि १९८३ सालच्या भागात राजकन्या लेआला सोनेरी धातूची चोळी घालून, गळ्यात साखळी अडकवून एका गलेलठ्ठ सरदाराच्या पायाशी बसवलं आहे. ती त्याच साखळीने त्याचा गळा आवळते हे खरं. पण भिंतींवर आणि खेळण्यांच्या डब्यांवर वर्षानुवर्षं विकली गेली ती साखळीतली लेआ.

एक कॅटनिस पुरत नाही

इथे मैत्रिणी ‘हंगर गेम्स’चं नाव घेतात. तिथे नायिका आहे, धनुष्य तिच्या हातात आहे, मग तक्रार कसली? मी मान्य करते, की ही मालिका बाकीच्यांपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. राजधानीच्या मेजवान्या बारा जिल्ह्यांच्या कष्टांवर चालतात हे ती स्पष्ट दाखवते. सुझॅन कॉलिन्स यांच्या मूळ कादंबरीत तर गरीब मुलं वर्षभराच्या धान्यासाठी मरणाच्या सोडतीत आपलं नाव जास्तीच्या चिठ्ठ्यांवर घालतात. त्या चिठ्ठीचं नाव टेसेरा. रोममध्ये धान्य मिळवायच्या बिल्ल्यालाही हेच नाव होतं. आधी पोटाला घ्या, मग देहाने फेडा. हा व्यवहार आपल्याकडे ज्यांनी पाहिला आहे त्यांना कादंबरी समजावून सांगावी लागत नाही. २०१५ सालच्या शेवटच्या भागात नवी सत्ताधारी बाईही तोच खेळ पुन्हा सुरू करायला निघते आणि कॅटनिस सम्राटाला सोडून तिच्यावर बाण चालवते. सिंहासनावरचं माणूस बदललं म्हणजे व्यवस्था बदलत नाही, एवढं हा चित्रपट सांगतो.

पण पुढे काय? कॅटनिस माळावर नवरा आणि दोन मुलांसह बसलेली दिसते. अकराव्या, शेतीच्या जिल्ह्याचं काय झालं? रू नावाची छोटी मुलगी तिथली होती. ती रिंगणात मेली, तिच्यासाठी तिथले लोक रस्त्यावर उतरले. ते पीक आता कोण कापतं, मजुरी किती, मोजमाप कोण करतं, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. ती भूमिका एका सावळ्या मुलीला दिली म्हणून २०१२ साली काही प्रेक्षकांनी संताप व्यक्त केला होता. कष्टकरी मुलीसाठी रडायलाही लोकांना ती गोरी हवी होती.

यानाच्या गावात

आता हे सगळं वालचंदनगरात बसून का लिहायचं? कारण ‘उद्या’ आणि ‘रोम’ शेजारी शेजारी पाहायचे तर यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

वालचंद हिराचंद यांनी नीरेच्या पाण्यावर ऊस लावून साखर कारखाना उभा केला आणि कळंबच्या माळावर हे औद्योगिक गाव वसलं. साखरेच्या यंत्रांपासून सुरुवात झाली, आणि १९७० च्या दशकापासून इथल्या कारखान्यात इस्रोसाठी अग्निबाणांचे भाग बनू लागले. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन जो अग्निबाण उडाला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रचंड बूस्टरांचे ३.२ मीटर व्यासाचे भाग इथे तयार झालेले होते. त्या दिवशी गावाला अभिमान वाटला, मलाही वाटला.

त्याच इंदापूर-बारामती रस्त्यावर, जंक्शनच्या चौकातून दिवाळीनंतर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाऊ लागतात. बीडकडून टोळ्या येतात. उघड्या रानात कोप्या पडतात. पहाटे अंधारातच बाई उठते, भाकऱ्या थापते, लेकरू पाठीशी घेऊन फडात जाते, ऊस तोडते, साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. संध्याकाळी पाणी आणि सरपण पुन्हा तिच्याच वाट्याला. हिशोबाच्या भाषेत ती माणूसही नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल मुकादमाकडून नवरा घेतो, फेडायची दोघांनी. एक दिवस गेला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळी असो, ताप असो, गर्भपात झालेला असो. श्मीच्या शरीरात स्फोटाचं यंत्र बसवावं लागलं होतं. इथे उचल पुरते.

आणि शरीरात शस्त्र घातलं जातं ते वेगळंच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गाजावाजा झाल्यावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. साधारण दर सहा बायकांत एक. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि एकदाचा ‘त्रास’ काढून टाकायचा. तिलाही वाटतं, खाडे तरी टळतील. रोमन मालकाला दासीच्या गर्भाशयातून नफा होता म्हणून त्याने ते राखलं. आमच्या हंगामाला ते अडचणीचं वाटतं, म्हणून काढून टाकलं जातं. हिशोब दोन्हीकडे मालकाचाच आहे.

यावर मला ऐकवलं जातं, की बायका आता अंतराळापर्यंत पोचल्या, तुम्ही अजून कोयत्यातच अडकलात. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल होत्या, हे मी प्रत्येक शाळेत सांगते आणि सांगत राहीन. पण त्यांचं यश दाखवून फडातल्या बाईचं तोंड बंद करायचं असेल, तर ती पुन्हा तीच सोडत झाली. एकीची चिठ्ठी निघाली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आपला रोमही तयार आहे

हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याला काय त्याचं, असंही म्हणून चालणार नाही. नाग अश्विन यांचा ‘कल्की २८९८ एडी’ २०२४ साली आला. रोमच्या जागी तिथे महाभारत आहे, पण रचना तीच : वर ‘कॉम्प्लेक्स’ नावाचं ऐषारामी शहर, खाली उपाशी जग, आणि मधे प्रयोगशाळेत कोंडलेल्या गर्भवती बायका. त्यांच्या गर्भातून रस काढून सत्ताधीश जगतो. बायकांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. कल्पना भेदक आहे. पण ज्या क्षणी एकीच्या पोटात अवतार आहे असं कळतं, त्या क्षणापासून चित्रपटाला फक्त तिची काळजी. बाकीच्या क्रमांकांसाठी कोणी लढाई करत नाही.

‘मेगालोपोलिस’मध्ये भरल्या रिंगणात एका तरुण गायिकेला उभं केलं जातं आणि तिच्या कौमार्याच्या प्रतिज्ञेवर श्रीमंत लोक देणग्यांच्या बोली लावतात. संदर्भ रोमच्या वेस्टल कुमारिकांचा. त्या तीस वर्षं देवीचा अग्नी राखत, आणि ब्रह्मचर्य मोडल्याचा ठपका आला की जिवंत पुरल्या जात. दिग्दर्शकाने हे उपहासाने दाखवलं आहे, मान्य. पण चित्रपटाची खरी आस्था ज्याच्यापाशी आहे तो नायक लोकांची राहती घरं पाडून नवं नगर उभारणारा प्रतिभावंत आहे. घरं गेलेल्या बायका कुठे गेल्या, हे विचारायला चित्रपटाला सवड नाही.

जे रोम कोणी घेत नाही

रोमकडून उधार घ्यायचंच तर आणखीही बरंच होतं. इसवीसनपूर्व १९५ मध्ये बायकांच्या सोन्यावर, कपड्यांवर आणि वाहनावर बंधनं घालणारा ओपियन कायदा रद्द व्हावा म्हणून रोमच्या बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांनी वाटा अडवल्या, आणि कायदा रद्द झाला. इसवीसनपूर्व ४२ मध्ये युद्धखर्चासाठी श्रीमंत बायकांवर कर लादला गेला, तेव्हा हॉर्टेन्सिया भर फोरममध्ये उभी राहिली. आम्हाला सत्तेत वाटा नाही, तर तुमच्या युद्धाचा खर्च आम्ही का द्यायचा, असा तिचा मुद्दा होता. कर भरणाऱ्या बायकांची संख्या कमी करावी लागली. या बायका सुखवस्तू घरांतल्या होत्या, दासी नव्हत्या, हे विसरू नये. पण मोर्चा होता, भाषण होतं, मागणी होती, आणि तलवार न उचलता मिळालेलं यश होतं. शंभर यानं जाळणाऱ्या दिग्दर्शकांना हे दृश्य कधी सुचलं नाही. संघटना पडद्यावर मावत नाही म्हणे. वीर मावतो.

म्हणून मैत्रिणींनो, हे चित्रपट पाहू नका असं मी मुळीच म्हणत नाही. मुलींबरोबर बसून पाहा आणि प्रत्येक चित्रपटानंतर तीन प्रश्न विचारा. या जगात धान्य कोण पिकवतं? कुणाची आई मागे राहिली? शेवटी कुणाची मजुरी वाढली? आमच्या गटात या तीन प्रश्नांनी जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या तयार व्याख्यानांनी कधी झाली नाही.

आणि पडद्याबाहेरच्या मागण्या दसऱ्याच्या आत, टोळ्या निघायच्या आधी मांडायच्या आहेत. कोयत्याच्या करारात बाईचं नाव स्वतंत्र लिहा आणि तिची मजुरी तिच्या हातात द्या. आजारपण, पाळी, बाळंतपण यांचा खाडा लावू नका. मातृत्व रजा २०१७ मध्ये कायद्याने २६ आठवड्यांपर्यंत वाढली, तिच्यातले काही आठवडे तरी फडापर्यंत पोचू द्या. गर्भाशय काढायला सांगितलं तर सरकारी रुग्णालयात दुसरं मत मिळाल्याशिवाय बाईला टेबलावर घेऊ नका. कोप्यांजवळ पाणी, संडास आणि पाळणाघर द्या. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यातली जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे आहे, हे प्रत्येक टोळीला कळवा. आपापल्या तालुक्यातल्या कारखान्यांची नावं, टोळ्यांच्या जागा आणि जवळचं आरोग्य केंद्र यांची यादी करून संघटनेकडे पाठवा. कामाला माणसं हवी आहेत, फार थोर नसली तरी चालतील.